खवल्यांसकट जिताडा

समुद्रापुढे माणूस खोटं बोलू शकत नाही.

हे वाक्य माझं नाही. माझ्या पुतण्याच्या टी-शर्टच्या पाठीवर ते छापलेलं आहे आणि त्याखाली गळाला लागलेल्या एका माशाचं चित्र आहे. मासा हसतो आहे. तो का हसतो आहे हे मी एकदा पुतण्याला विचारलं होतं. डिझायनर पुण्याचा आहे, एवढंच तो म्हणाला.

पुतण्या माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा, एकुलता एक मुलगा. बँकेतली चांगली नोकरी सोडून तो लोकांना खाडीत नेऊन गळाने मासे पकडायला शिकवू लागला. गळाला आमिष म्हणून कोलंबी नाही, बोयट माशाचं पिल्लू नाही. प्लास्टिकचा रंगवलेला खोटा मासा. त्याला ल्यूर म्हणतात. हा खोटा मासा पाण्यातून असा ओढायचा की खऱ्या माशाला तो खरा वाटावा, आणि शक्य तर जखमी वाटावा. ज्या धंद्याचं सगळं भांडवल खोटे मासे, त्या धंद्याने पाठीवर असं वाक्य मिरवावं याची मला गंमत वाटे. दादाला वाटत नसे.

दादा भुईगावला आमची वाडी सांभाळतो. केळी, सोनचाफा, थोडी पानवेल. मी नोकरीनंतर पापडीला राहतो. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण ती लिहून दाखवली तर विरारच्या पलीकडे कुणाला कळायची नाही, म्हणून इथे सगळे जण शाळेतल्यासारखं मराठी बोलतील.

भांडण पंपाच्या खोलीवरून होतं. वाडीच्या टोकाला, विहिरीजवळ, पंपाची जुनी खोली आहे. पंप कधीच बाहेर शेडमध्ये गेला. खोलीत तेव्हा फुटक्या टोपल्या आणि एक मुंगूस राहत होतं. पुतण्याला ती खोली हवी होती. रॉड, होडीचं इंजिन, लोकांना घालायची ती नारिंगी जाकिटं, सगळं तो ज्या भाड्याच्या गाळ्यात ठेवायचा तो मालकाने रिकामा करायला सांगितला होता. खोली मिळाली तर धंदा चालणार, नाही तर महिनाअखेरीस बँकेत परत. त्याच्या जुन्या साहेबाने जागा धरून ठेवली होती आणि हे साहेबाने दादाला फोन करून सांगितलं होतं, ही साहेबाची चूक.

दादाचा नकार पैशावरून नव्हता. त्याचा मुद्दा वेगळा होता आणि मला तो बिनतोड वाटला.

"हा आठवड्यातून तीनदा मासे पकडायला जातो," दादा म्हणाला. "मोबाईलवर फोटो टाकतो. प्रत्येक फोटोत जिताडा. दर वेळी वेगळा माणूस, हातात जिताडा. आणि आपल्या घरी? एकदा तरी कालवणात पडला?"

"सोडून देतात म्हणे."

"म्हणे," दादा म्हणाला. "जिताडा पकडायचा, फोटो काढायचा आणि सोडायचा. तू ओळखतोस असा माणूस?"

मी ओळखत नव्हतो. आमच्याकडे जिताडा ही सोडून द्यायची गोष्टच नाही. जिताडा घरी येणार असला की दोन घरं आधी कळतं, आणि आल्यावर डोकं कुणाच्या ताटात जाणार यावरून सख्ख्या भावांत अबोला झालेला मी पाहिला आहे. त्या भावांपैकी एक मीच. अशा गावात मासे पकडणाऱ्याच्या घरी मासे बाजारातून यायला लागले, तर लोक बोलणारच. लोक म्हणत होते की हा बाजारातून एक जिताडा घेतो आणि सगळ्यांच्या हातात आळीपाळीने तोच देतो.

"तू आयुष्यभर लोकांवर संशय घेऊन पगार घेतलास," दादा म्हणाला. "एक दिवस घरच्यांसाठी घे. जा त्याच्याबरोबर. मासा खरा असेल तर खोली त्याची."

मी विमा दाव्यांची पाहणी करायचो. जळालेली गोदामं, बुडालेला माल, चोरीला गेलेल्या गाड्या. गोदाम जळालं की मी राखेत उभा राहून एकच गोष्ट पाहायचो: जळायला हवं होतं ते जळालंय का. कापडाच्या गोदामात कापडाची राख मिळाली नाही की बाकीचं दुःख ऐकायची गरज उरत नसे. ही सवय निवृत्तीनंतर जाते असं म्हणतात. माझी गेलेली नाही. लग्नात सुद्धा मी आधी मांडवाच्या वायरिंगकडे पाहतो.

तर दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी मी किल्लाबंदरला गेलो. पुतण्या आधीच उभा होता. टोपी, काळा चष्मा, गळ्यात शिटी आणि तो टी-शर्ट. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, एक सांगतो. होडीत बसल्यावर मी तुम्हाला सर म्हणेन."

"का?"

"दुसरे एक कस्टमर आहेत. त्यांना वाटायला नको की घरचा माणूस फुकट आणलाय."

"मी फुकटच आलोय."

"म्हणूनच सर," तो म्हणाला.

दुसरे कस्टमर एव्हरशाईन सिटी नावाच्या इमारतींच्या वसाहतीतले होते. पन्नाशीचे, मुंबईत कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. बोटं कापलेले हातमोजे, नाकापर्यंत ओढलेलं फडकं, त्यावर चष्मा. दरोड्याला निघालेला माणूस असा दिसतो. फक्त दरोडेखोर इतका खर्च करत नसावेत. त्यांनी मला आपला चष्मा लावून पाहायला दिला. "यातून पाण्याखालचं सगळं दिसतं." मी पाहिलं. पाणी दिसलं, थोडं हिरवट.

होडीवाला नाखवा बंदरातलाच. अंगात बनियन, कानावर विडी, आणि चेहऱ्यावर हे आपले कोणी नव्हेत असा भाव. इंजिन सुरू करण्याआधी त्याने आणि पुतण्याने मिळून एक निळी बर्फाची पेटी उचलून होडीत ठेवली. पेटीला दोरी बांधलेली होती, दोन गाठींची.

"आत काय आहे?" मी विचारलं.

"पाणी, सर. सरबत. तुमच्यासाठीच."

सरबत उचलायला दोन माणसं लागत नाहीत. मी पेटीशेजारची जागा पकडली. होडी हलली की आत काहीतरी एका बाजूहून दुसऱ्या बाजूला घसरत होतं. बाटल्या खडखडतात. हे खडखडत नव्हतं. हे मऊ, जड आणि एका तुकड्याचं होतं. कापडाच्या गोदामात कापडाची राख नाही असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. मुलगा मला लहानपणापासून आवडतो.

खाडीत थोडं आत गेल्यावर पुतण्या उभा राहिला. "सर, प्लीज आपापल्या मोबाईलचं लोकेशन ऑफ करा. हा स्पॉट आपण सिक्रेट ठेवतो."

एव्हरशाईनवाल्यांनी राष्ट्रगीताला उभं राहावं तशा चेहऱ्याने लोकेशन बंद केलं. मीही केलं. ती गुप्त जागा म्हणजे मोडक्या जेट्टीचे खांब आणि त्यामागची तिवरांची झाडी. तिवरांत एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स अडकला होता आणि पुढारी जोडलेले दोन्ही हात नेमके त्या जागेकडे रोखून उभा होता. पलीकडून एक जाळंवाली होडी गेली. तिच्यातल्या माणसाने नाखव्याला हाक मारून विचारलं, "आज पन इथंच काय?" नाखव्याने हात हलवला. पुतण्याने न ऐकल्यासारखं केलं.

मग शिकवणी सुरू झाली. इथे मला पुतण्याचं थोडं कौतुक करावं लागेल, कारण घरी धड वाक्य पूर्ण न करणारा हा मुलगा होडीत वेगळाच होता. रॉड कसा धरायचा, दोरी बोटावर कशी घ्यायची, फेकताना मागे कोण बसलंय ते पाहायचं. "सर, फेक ताकदीची नसते. मनगटाची असते. ल्यूर खांबाच्या पलीकडे टाका आणि खांबाला घासून आणा. मग दोन झटके आणि थांबा. थांबणं मेन आहे. मासा हलताना बघतो, थांबल्यावर घेतो."

"का?"

"जखमी मासा असाच करतो, सर. पळतो, पळतो, मग दमतो."

"म्हणजे दमल्याचं नाटक करायचं."

"नाटक नाही, सर. ॲक्शन."

माझी पहिली ॲक्शन तिवरात गेली. दुसरी पुढाऱ्याच्या फ्लेक्समध्ये अडकली, नेमकी गालात. नाखव्याने विडी कानावरून काढली, पेटवली नाही, परत ठेवली. "जाळं टाकला असता तर एवढ्यात घरी पोचलो असतो," तो कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला.

"नाखवा, हा स्पोर्ट आहे," एव्हरशाईनवाले म्हणाले.

"असंल," नाखवा म्हणाला. "पानी उतरायला लागलंय. काय करायचं ते करून घ्या."

आणि तेवढ्यात त्यांना मासा लागला. रॉड वाकला, रीळ किंचाळलं, ते होडीत उभे राहून स्वतःलाच धीर देऊ लागले. बऱ्याच ओढाताणीनंतर जिताडा वर आला. मध्यम आकाराचा, रुपेरी, डोळा तांबूस चमकणारा, आणि निर्विवाद जिवंत. पुतण्याने चिमट्याने त्याचा जबडा धरला, कल्ल्याला हात लावू नका, कापतं, असं बजावलं आणि मासा त्यांच्या हातात दिला. मग म्हणाला, "हात पुढे, सर. अजून पुढे. कोपर सरळ."

हात पुढे केल्यावर मासा कॅमेऱ्याजवळ येतो आणि माणूस मागे राहतो. फोटोत मासा माणसाच्या छातीएवढा दिसतो. मी मनात एक खूण केली.

मासा पाण्यात सोडला गेला. नाखव्याने तो जाताना पाहिला आणि माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "उपास हाय का शेठचा?"

मी पेचात पडलो. मासा जिवंत होता, गळाला होता, माझ्यासमोर पाण्यातून आला होता. पण पेटी अजून माझ्या पायाला लागून होती आणि आत ते जे काही होतं ते अजून घसरत होतं. पाण्याखाली, खांबामागे, कुणी माणूस बसवून त्याच्याकडून गळाला मासा अडकवून घेणं शक्य आहे का, याचाही मी विचार केला. हसू नये. विम्यात याहून जास्त कष्ट घेतलेले मी पाहिले आहेत.

म्हणून मी ठरवलं की दुसऱ्याच्या माशावर साक्ष द्यायची नाही. मी जागा बदलली, पुतण्याने सांगितला त्याच्या उलट बाजूचा खांब निवडला आणि फेकायला लागलो. फेक, दोन झटके, थांब. पुन्हा. ऊन चढलं. मनगट दुखू लागलं. मला हळूहळू असं वाटू लागलं की पाण्याखाली एक जाणता मासा आहे, जो माझं नाटक पहिल्या अंकापासून पाहतो आहे आणि ज्याला ते पटत नाही. त्याच्याबद्दल मला आदर वाटू लागला. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

मग एकदा मी थांबलो ते कंटाळून थांबलो, आणि दोरी कुणीतरी हिसकली.

हा हिसका हातात कसा येतो ते लिहून सांगता येत नाही असं म्हणायची पद्धत आहे. येतं सांगता. अंधारात जिन्यावर आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं होतं. फक्त पायाऐवजी खांद्यात. मासा खांबाकडे पळाला. मी रीळ दोन्ही हातांनी घट्ट धरलं, जे अजिबात करायचं नसतं.

तेव्हा पुतण्या ओरडला. सर म्हणाला नाही. रिळाच्या ब्रेकला तो ड्रॅग म्हणतो, तेही म्हणाला नाही, प्लीज म्हणाला नाही. आमच्या घरच्या बोलीत, वाडीत केळीचा घड पडताना ओरडतात तशा आवाजात, त्याने मला सैल सोड म्हणून सांगितलं, आणि त्या बोलीत काकाला अरे-तुरे असतं. एव्हरशाईनवाले चमकून त्याच्याकडे पाहू लागले. मी सैल सोडलं.

मला मासा खरा असल्याची खात्री त्या क्षणी पटली. मासा अजून दिसलाही नव्हता. पण ठरवून केलेल्या गोष्टीत माणूस असा आपली भूमिका विसरत नाही.

जिताडा आधीच्यापेक्षा मोठा होता. पाण्याबाहेर उडी मारून त्याने मान अशी झटकली की खोटा मासा त्याच्या जबड्यात वाजला. शेवटी तो होडीच्या कडेला आला, दमलेला, खरोखरचा दमलेला, आणि पुतण्याने त्याला धरला.

"ठेव," मी म्हणालो.

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं.

"पेटीत टाक. घरी नेऊ. तुझ्या बाबांच्या पुढ्यात ठेवला की संपलं. फोटोवर त्यांचा विश्वास नाही, तुला माहीत आहे. माझ्यावर किती आहे तेही माहीत आहे."

त्याने मासा पाण्यात आडवा धरला होता. कल्ले उघडझाप करत होते. पंपाची खोली त्याच्या हातात होती, शेपटी हलवत. मागे एव्हरशाईनवाले फडकं खाली ओढून ऐकत होते.

"इथला मासा मी नेत नाही, सर," पुतण्या म्हणाला. सर पुन्हा आलं होतं. "सगळ्यांना तेच सांगितलंय. एक नेला की दुसरा म्हणेल, मी का नको. मग ह्या खांबांत मासा राहणार नाही आणि मी फिरवणार काय लोकांना?"

"आज एक."

"आजचाच दिसतो लोकांना."

त्याने मासा पाण्यात पुढेमागे हलवला, जरा तरतरी आली तशी बोटं उघडली. जिताडा गेला. फोटो काढायचा राहून गेला. नाखव्याने इंजिनाची दोरी ओढली आणि म्हणाला, "आज सगल्यांचाच उपास."

परतताना मी पेटीवर बसून राहिलो. मासे खरे होते. हा भाग निकालात निघाला होता. मग आत काय होतं? विमा पाहणीत सगळ्यात त्रासदायक दावे हेच असतात: माल खरा, आग खरी, आणि तरी कोपऱ्यात रॉकेलचा डबा.

बंदरावर उतरल्यावर पुतण्याने इकडे तिकडे पाहिलं, पेटीची दोरी सोडली आणि झाकण उघडलं. बर्फात दोन जिताडे होते. अखंड, खवल्यांसकट, एकाला लागून एक.

"हे काय?" मी विचारलं.

उत्तर एव्हरशाईनवाल्यांनी दिलं. त्यांनी पिशवी आधीच उघडून धरली होती. "एक माझा. मी सांगूनच ठेवतो."

"पण तुम्ही तर पकडलात आणि सोडलात."

"हो ना. आता हे घरी कोण मानणार?" ते म्हणाले. फडकं उतरल्यावर त्यांचा चेहरा एकदम सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा दिसू लागला. "सकाळी अंधारात घराबाहेर पडायचं, दुपारी यायचं, हातात काही नाही. बायको विचारते, मासा कुठाय. मी म्हणायचं, सोडला. पहिल्यांदा तिने ऐकलं. दुसऱ्यांदा तिने माझ्या मेव्हण्याला फोन केला."

"मग?"

"मग मी मासा न्यायला लागलो. पण पहिल्या वेळेला घोटाळा झाला. कोळणीने सवयीने साफ करून तुकडे करून दिले. मीही आपला सवयीने घेऊन गेलो. पिशवी उघडून बायको म्हणते, हा समुद्रातून तुकडे होऊनच आला काय."

नाखवा, जो इतका वेळ दोर गुंडाळत होता, पहिल्यांदा हसला.

"तेव्हापासून मी खवल्यांसकटच घेतो सगळ्यांसाठी," पुतण्या म्हणाला. "पोटसुद्धा फाडू देत नाही. कोळीण वैतागते."

"सगळ्यांसाठी," मी म्हणालो. "म्हणजे तुझी माणसं खरा मासा पकडतात, खरा मासा सोडतात, आणि घरी खरं वाटावं म्हणून विकतचा नेतात."

"असंच काही नाही," एव्हरशाईनवाले म्हणाले. "काही लोक अविवाहित पण येतात."

ते गेले. पेटीत एक मासा उरला.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

पुतण्याने चष्मा काढून टोपीवर चढवला. "तुमचा. बाबांकडे नेलात तर न्या. नाही नेलात तर आईला आवडतो, मी रात्री गुपचूप ठेवेन."

"म्हणजे तिथे तत्त्व, आणि इथे हा."

"तत्त्व खाडीपुरतं आहे, काका."

मी त्याला सांगितलं की मासा नेईन, पण हा बाजारातला आहे हे दादाला स्पष्ट सांगेन. जे पाहिलं ते सगळं सांगेन, क्रमाने. तो म्हणाला, "सांगा की. मी कुठे नको म्हणतोय." हे तो इतक्या लवकर म्हणाला की मला पुन्हा संशय आला.

दादा ओटीवर वाट पाहत बसला होता. आरामात बसल्याचं त्याने सोंग घेतलं होतं, पण पायात चपला होत्या. मी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. होडी, खांब, त्या गृहस्थांचा मासा, माझा मासा. सोडला तेही. बरोबर आणलेला मासा विकतचा आहे, तेही. माझ्या नोकरीत मी इतका स्वच्छ अहवाल क्वचित दिला असेल.

दादाने मध्ये एकदाही अडवलं नाही. अहवाल संपल्यावर म्हणाला, "मासा बघू."

वहिनीने परात आणली. दादाने जिताडा परातीत आडवा केला, डोळा दाबला, कल्ला काडीने उचलून आतला लाल रंग पाहिला. मग तोंडाशी एक ओरखडा होता तिथे त्याने बोट ठेवलं.

"हा गळ लागल्याचा."

"तो बर्फाच्या खड्याचा असेल," मी म्हणालो. "विकतचा आहे, दादा."

"विकतचा," दादा म्हणाला. "मग साफ का नाही केलेला?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते एव्हरशाईन सिटीतल्या एका गृहस्थाच्या बायकोपासून सुरू होत होतं.

"एवढा जिताडा आपल्याकडे कोण कोळणीकडून अख्खा आणतो? तू आणशील? तुला बोंबील साफ करता येत नाही." दादा वहिनीकडे वळला. "हा अख्खा आला म्हणजे पाण्यातून आला. आणि हे दोघे म्हणतात सोडला. का म्हणतात कळलं का तुला?"

"का?" वहिनीने विचारलं.

"मोठा होता तो यांनी कुठेतरी दिला. त्या एव्हरशाईनवाल्या साहेबाला. आणि आपल्याला हा. वर म्हणायचं, विकतचा आहे, म्हणजे आपण दुसरा मागायला नको." तो समाधानाने मागे टेकला. पोरगा लबाड निघाला होता, पण खरे मासे पकडणारा लबाड निघाला होता, आणि ही लबाडी त्याला ओळखीची वाटत होती.

मी आणखी एकदा प्रयत्न केला. खरं बोललेलं खोटं ठरताना पाहणं मला नवीन होतं. नोकरीत नेहमी उलटं व्हायचं. दादाने हात वर केला. "पुरे. त्याने तुला शिकवून पाठवलंय, कळतं मला. तू कधी एवढं सलग बोलतोस?"

वहिनीने परात उचलली. जाताना तिने माशाच्या पोटाखाली बोट घातलं, चिकटलेला बर्फाचा बारीक तुकडा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि तो अंगणात टाकला. "कोकम घालू की चिंच?" तिने विचारलं. "चिंच," दादा म्हणाला.

जेवायला पुतण्याही आला. टी-शर्ट बदललेला होता, हे त्याचं शहाणपण. डोकं कुणाचं हा प्रश्न यावेळी उठलाच नाही. दादाने ते स्वतःच्या ताटात घेतलं आणि शेवटच्या काट्यापर्यंत चोखलं. मग काटे बाजूला सारून म्हणाला, "खाडीचा मासा लपत नाही. तळ्यातला असा लागत नाही, बाजारातला तर नाहीच. याला खारी चव असते." आणि भिंतीवरच्या खिळ्यावरून पंपाच्या खोलीची किल्ली काढून त्याने पुतण्याच्या ताटाशेजारी ठेवली. पुतण्याने ती उचलायच्या आधी माझ्याकडे पाहिलं नाही. वहिनीने त्याला आणखी भात वाढला.

खोलीतून टोपल्या गेल्या, मुंगूस आपल्या मर्जीने गेलं. दारावर आता पाटी आहे आणि तिच्यावर तेच वाक्य आहे. दादा वाडीत आलेल्या माणसांना ती वाचून दाखवतो.

पुढच्या आठवड्यात, केवळ सवयीने, मी पापडीच्या बाजारात त्या कोळणीकडे गेलो आणि विचारलं की पुतण्या तुमच्याकडून जे जिताडे नेतो ते कुठले. ती म्हणाली, आंध्रातले. तिकडे गोड्या पाण्याच्या तळ्यात वाढवतात आणि बर्फात घालून ट्रकने पाठवतात.